काकांचं मेडल रावेरला नेलं तेव्हा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, काचेवर जे दिसेल ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही — हळूहळू स्वभावच तसा झालेला. सासूबाई अमावास्येला दारावरून नारळ ओवाळतात तेव्हा मी बाजूला उभी राहून हसते. त्यामुळे आज हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय. पण झालं ते झालं...

आधी घरची थोडी माहिती द्यावी लागेल. माझं माहेर धुळ्याचं, देवपूरमध्ये आमचा फ्लॅट आहे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आणि त्यांचे थोरले भाऊ हिरामणकाका असे दोघे भाऊ. हिरामणकाका फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. तेव्हा बाविशीचे. जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढत मागे आणत होते, आणखी एकाला आणायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना मरणोत्तर सेना मेडल मिळालं. आबा तेव्हा शाळेत जाणारे. मी तर काकांना पाहिलेलंच नाही. माझ्यासाठी काका म्हणजे हॉलमधला एक फोटो — लष्करी टोपी, बाहेर आलेले कान, आणि हसू दाबून धरल्यासारखे ओठ — आणि कपाटात मखमली डबीत ठेवलेलं ते मेडल. चांदीचं, गोल, त्यावर उभी संगीन. लाल फीत, मधोमध बारीक पांढरी रेघ. कडेला बारीक अक्षरात काकांचं नाव कोरलेलं.

गेल्या वर्षी आबा गेले. शेवटचे काही दिवस ते दवाखान्यात होते, मी रजा घेऊन त्यांच्याजवळ. एकदा दुपारी मला म्हणाले, "वैशू, एक काम राहून गेलं माझं. ते मेडल एकदा केशरला दाखवून आण."

"कोण केशर, आबा?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काकांचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी सोनगीरजवळच्या खेड्यातली, केशर नावाची. काका सुट्टीवर आले तेव्हा पाहण्याचा कार्यक्रम झाला, लगेच साखरपुडा, आणि पुढच्या सुट्टीत लग्न करायचं ठरलं. ती सुट्टी आलीच नाही. काका गेल्याची तार आली आणि माझ्या आजीनं त्या मुलीला पांढऱ्या पायाची ठरवलं. साखरपुड्यात दिलेलं लुगडं परत मागवलं. ते आणायला पाठवलं कुणाला, तर आबांना! शाळकरी पोराला.

"तिनं घडी घालून माझ्या हातात दिलं," आबा म्हणाले. "रडली नाही. मला गूळ-शेंगदाणे दिले खायला. मी खाल्ले गं ते तिथंच बसून."

मग तिच्याविषयी चारी गावांत बोभाटा झाला आणि वडिलांनी तिला लांब, पार रावेरकडे देऊन टाकलं. आबांना एवढंच माहीत होतं. मेडल आलं तेव्हा तिला दाखवावं असं त्यांना वाटलेलं, पण आजीपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. नंतर... नंतर राहूनच गेलं.

आबांच्या माघारी मी सोनगीरच्या एका नातेवाइकाकडून चौकशी केली. केशरबाई होत्या. रावेरजवळच्या गावात त्यांची केळीची शेती, मुलगा-सून, सगळं छान. मुलाला फोन केला, कोण ते सांगितलं. तो मोकळा माणूस निघाला. "या ना ताई, माय घरीच असते," म्हणाला.

पुण्याच्या माझ्या दादाला मात्र हे पटलं नव्हतं. त्याला मेडल फ्रेम करून त्याच्या घरी लावायचं होतं. "दाखव आणि त्याच पावली परत आण," त्यानं बजावलं. "ती आपल्या घराची वस्तू आहे."

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी धुळ्याहून निघाले. डबी जुनी होऊन तिचं झाकण निसटत होतं, म्हणून मेडल आईच्या धुतलेल्या हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. निघता निघता हॉलमधल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

जळगावच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची सीट रिकामी. कंडक्टर आला, मशीनवर बोटं टेकवून म्हणाला, "कुठे?"

"जळगाव."

"एक हाफ, एक फुल ना?"

आता बायकांना अर्धं तिकीट असतं हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "एकच. हाफ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "आणि ह्यांचं?"

"कुणाचं? मी एकटी आहे."

त्यानं एक हाफ तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. पण पुढच्या सीटवरून एकदा मागे वळून पाहिलं त्यानं. मी मनात म्हटलं, सकाळची पहिली पाळी, झोप झाली नसेल बिचाऱ्याची.

पारोळ्याला गाडी गच्च भरली. माणसं दाटीवाटीनं उभी, आणि माझ्या शेजारची जागा तशीच रिकामी! एक बाई कडेवर पिशवी घेऊन अगदी सीटला टेकून उभी होती. मला वाटलं, संकोचली असेल. "बसा ना मावशी," मी म्हटलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. झोपेल शे पोर्‍या. कशाले उठाडतीस?"

म्हणजे — राहू द्या, मुलगा झोपलाय, कशाला उठवता?

मी त्या सीटकडे पाहिलं. फाटलेलं रेक्झिन, त्यातून डोकावणारा स्पंज. बस. एरंडोलपर्यंत ती बाई उभी राहिली. उतरताना माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "शांत शे हो तुमना पोर्‍या."

मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती नाशिकला शिकते.

तेव्हा पहिल्यांदा मला चमत्कारिक वाटलं. पण मी स्वतःला समजावलं. झाली असेल काहीतरी गफलत. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या गफलती. आपण रोज रिपोर्ट करतो ना, एखाद्या सॅम्पलमध्ये असं विचित्र येतंच...

जळगावला स्टँडवर उतरले. रावेरच्या गाडीला वेळ होता म्हणून टपरीवर चहा सांगितला. टपरीवाल्यानं दोन कप समोर ठेवले.

"एकच सांगितला मी."

"हो का?" तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "दादा नाही घेणार?"

मी मागे वळले नाही. खरंच सांगते, हिंमत झाली नाही. एक कप प्यायले, दुसरा तसाच ठेवला आणि निघाले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "गर्दीत होतं असं, कुणीतरी मागे उभं असेल. घाबरतेस काय एवढं?" त्याचं बरोबर होतं. मला स्वतःला कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. मला घरी परत जायचं होतं, घर रिक्षानं दहा मिनिटांवर होतं. पण आबांचा आवाज कानात होता, मी खाल्ले गं ते तिथंच बसून... मी रावेरच्या गाडीत बसले. पर्स मांडीवर ठेवली नाही, छातीशी धरली.

रावेरला उतरून गावाकडे जायला रिक्षा केली. ड्रायव्हर तरुण होता, कानात इअरफोन, तोंडात गाणं. दोन्हीकडे केळीच्या बागा, रस्त्यावर केळीनं भरलेले ट्रॅक्टर. एका वळणावर समोरून ट्रक आला तसं त्यानं आरशात बघून सहज, अगदी सहज म्हटलं,

"दादा, पाय आत घे ना."

माझे दोन्ही पाय आतच होते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. भीती होतीच. पण त्याच्यासोबत दुसरंही काहीतरी होतं. बाविशीचा मुलगा... रिक्षात बसून पाय बाहेर काढणारा. मी पंचेचाळीस वर्षांची. माझे काका, आणि बसमधली ती बाई त्यांना माझा मुलगा समजली होती! मी डाव्या बाजूला थोडी सरकून बसले. जागा करून दिली. का, ते मला विचारू नका.

केशरबाईंचं घर रस्त्यालगतच होतं. सिमेंटचं, बैठं, पुढे मोठा ओटा. अंगणात ट्रक उभा होता आणि माणसं केळीचे घड भरत होती. सून बाहेर आली, हसून "या ताई" म्हणाली आणि मला आत नेलं.

पलंगावर एक ठसठशीत म्हातारी बसली होती. डोळ्यांवर जाड चष्मा, गुडघ्यांना पट्टे, आवाज खणखणीत. त्यांना काय म्हणून हाक मारावी तेच सुचेना. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं तर त्या माझ्या काकू झाल्या असत्या.

"मावशी म्हण," त्याच म्हणाल्या. "तू धुयानी शे ना? मंग आपली भाषामा बोल. आठे मन्हासंगे कोनी तशे बोलत नही."

आठे म्हणजे इथे. इकडची बोली वेगळी पडते, त्यामुळे माहेरची अहिराणी बोलायला त्यांना कुणी नव्हतं. माझी अहिराणी मोडकीतोडकी, तरी बोलले. मग सून पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये दोन तांबे.

"दोन कशाले?" केशरमावशी म्हणाल्या. "एकटी तर आली ती."

सून गोंधळली. "अहो, ते दादा ना यांच्यासोबतचे... ओट्यापाशी उभे राहिले. पांढऱ्या शर्टातले. मी या म्हटलं तर नुसते हसले." तिनं दाराकडे पाहिलं. "लाजाळू दिसतात."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून रुमाल काढला, उलगडला आणि मेडल त्यांच्या हातात दिलं. आबांचा निरोप सांगितला, लुगड्याचं सांगितलं. "आबांना शेवटपर्यंत ते लागून राहिलं होतं, मावशी."

त्यांनी मेडल हातात घेऊन उलटसुलट केलं. "हलकं शे," एवढंच म्हणाल्या. मग ते पदरानं पुसून — "तुझा बाप लहान होता. त्याचा काय दोष? आणि माझं काही वाईट झालं नाही बरं का पोरी. माणूस चांगला मिळाला मला. उगीच खोटं कशाला बोलू, हिरामणची मला आठवणसुद्धा येत नव्हती. येणार कशी? मी त्याचं तोंडच पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"पाहायला आले तेव्हा मान खाली. साखरपुड्याला मान खाली. आईनं बजावलं होतं, वर पाहशील तर याद राख. पाय तेवढे दिसले. गोरे होते." त्या हसल्या. "फोटो कोण देणार तेव्हा मला!"

म्हणून मी मोबाइल काढला. आजही तो क्षण डोळ्यांसमोर येतो तेव्हा वाटतं, काढायला नको होता. फोटो मोठा करून त्यांच्या समोर धरला.

मावशींनी चष्मा पुसला. फोन डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहराच बदलला.

"हाऊ कोन शे?"

"हेच हिरामणकाका."

"नाही," त्या म्हणाल्या. "हा... हा तर आमच्याकडचा पोरगा आहे."

मी सुनेकडे पाहिलं. ती वाकून फोटो बघत होती आणि तिचा हात तोंडावर गेला होता.

मावशींनी मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. "माझ्या लग्नाचा दिवस. उन्हाळा. पाठवणीच्या वेळी मला भोवळ आली. गाडीच्या चाकापाशी कोसळले. हा पोरगा आला, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मान वर करून प्यायले, तेव्हा दिसला. मला वाटलं, नवरदेवाकडचा कुणी. पुढे मालकांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडचा कुठला, तुमच्याकडचाच असेल. विसरून गेलो आम्ही. मग माझा हा मोठा तापानं फणफणला होता, आम्ही त्याला भुसावळला नेत होतो. पावसानं रस्ता गेलेला, बैलगाडीचं चाक रुतलं. मालक एकटे काय करणार? बांधावरून हा आला, खांदा लावला, चाक निघालं. मी म्हटलं, भाऊ, नाव काय? तर हसला, अन् गेला. वादळात बाग आडवी झाली तेव्हा बांधावर उभा होता. मालक गेले तेव्हा... तेव्हा मसणवटीकडे जाणाऱ्या माणसांत सगळ्यात मागे चालत होता. मी दारातून पाहिला. तोच पांढरा शर्ट. मला वाटलं, त्या पोराचा पोरगा असेल. माणसं दिसतात ना बापासारखी?"

त्या थांबल्या. "आणखी एकदा आला होता. ते नाही सांगत."

बाहेर मजूर एकमेकांना हाका मारत होते. मग मावशी एकदम उठल्या. गुडघे धरत, भिंतीला हात लावत दाराकडे निघाल्या. "ओट्यापाशी शे म्हनतीस ना?" त्यांनी सुनेला विचारलं.

"आत्ता तर होते, आई..."

आम्ही दोघी त्यांच्यामागे गेलो. ओटा रिकामा होता. अंगणात ट्रक, केळीचे घड, पाच-सहा मजूर, ऊन. मला काही दिसणार नव्हतंच. मी मावशींकडे पाहत होते. त्या एकेका मजुराच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळी पोरं बघून झाली, तशी त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग बागेकडे. आणि मग मोठ्यानं हाक मारली,

"हिरामण! ओ हिरामण! आठे ये ना. बठ ना रे. किती दिन उभा राहशी?"

मजूर थांबून बघायला लागले. ट्रकवरचा एक जण घड हातात धरून तसाच उभा राहिला. मावशींनी पुन्हा हाक मारली. सून त्यांचा हात धरून "आई, आत चला" म्हणत होती. त्या बऱ्याच वेळानं आत आल्या. मेडल मुठीतच होतं. त्यांनी ते पदरात बांधलं आणि गाठ कमरेला खोचली. मी परत मागितलं नाही. दादाचं बोलणं आठवत होतं, तरी रिकाम्या रुमालाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

परतीच्या प्रवासात शेजारी एक माणूस येऊन बसला आणि कुणी काही म्हटलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मी सावद्यापर्यंत रडत होते.

दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी मी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आबांच्या जाण्याचा तुझ्या मनावर परिणाम झालाय." असेलही. पण कंडक्टरच्या मनावर कसला परिणाम झाला होता? त्या रिक्षावाल्याच्या? मावशींना म्हाताऱ्या वयात आठवणींची सरमिसळ झाली असं एक वेळ धरून चालू, पण सुनेनं तो फोटो त्याआधी कुठे पाहिला होता? ती मला आजही शपथेवर सांगते की ओट्यापाशी तोच होता.

मी मावशींना अधूनमधून फोन करते. सुरुवातीला त्या मेडलचं सांगायच्या, देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय, फितीचा रंग उन्हानं उडू नये म्हणून झाकून ठेवते वगैरे. मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा आवाज खोल गेलेला वाटला.

"वैशू, तुनाकडे उना का तो?" त्यांनी विचारलं. तुझ्याकडे आला का तो?

"नाही, मावशी."

"आठेबी येत नही." मग त्या म्हणाल्या, "यंदा बागेत खूप माल होता. रोज गाडी लागायची. बठ्ठा पोर्‍यास्ना तोंडं दखी लिधात मी, एकूणएक पोराचं तोंड पाहिलं. तो नव्हता. इतकी वर्षं कोण आहे ते माहीत नव्हतं, तर यायचा. नाव कळलं अन् गेला बघ."

मी म्हटलं, "मावशी, त्यांना शांती मिळाली असेल." आपण असं काहीतरी बोलतो ना. त्या म्हणाल्या, "हो. त्याला मिळाली असेल." आणि फोन ठेवला.

इथले जाणकार याचा काही खुलासा करू शकत असतील तर जरूर करा, मी वाचेन. माझ्याकडे तर नाही. त्या दिवशी माझ्या शेजारी कोण बसलं होतं, हे न कळताही मी जगू शकते असं मला आता वाटतं. मला फक्त एवढंच समजत नाही... मी तिथे गेले, तो फोटो दाखवला, ते चांगलं केलं का?

— वैशाली, जळगाव